मोजणीत न आलेली

विद्याश्री कोल्हापूरच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. अभिराम तिथंच संगणक विभागात होता. दोन महिने दोघं एकाच कामाला जुंपले होते. हिशेब करून आलेख काढायला तिच्याकडं ‘आर’ नावाची संगणकाची भाषा होती, वेबपानं चालवायला त्याच्याकडं पीएचपी. पानावर कुणी गाव निवडलं की पीएचपीनं ते आरला कळवायचं, आरनं आलेख काढायचा आणि तो तिथल्या तिथं पानावर उमटायचा. माहिती होती एका आरोग्य संस्थेनं दिलेली, जिल्ह्यातल्या हजारो बाळंतपणांची. त्यात नावं नव्हती.

दोन हजार पाच सालच्या जानेवारीत एका दुपारी पान पहिल्यांदा चाललं. आधी नुसतंच पांढरं दिसलं, मग निळी रेघ आली.

“आलं की वो मॅडम!” अभिरामनं टेबलावर थाप मारली.

हजार मुलग्यांमागं जन्मलेल्या मुली दाखवणारी ती रेघ होती. पहिल्या अपत्याची रेघ जवळजवळ आडवी गेली. मग विद्याश्रीनं निवडलं, ‘पहिली मुलगी, त्यानंतरचं मूल’. रेघ जी घसरली ती वर्षागणिक घसरतच गेली.

“तुमच्या पीएचपीनं काहीतरी उलटसुलट पाठवलंय,” ती म्हणाली.

अभिरामनं ओळ न् ओळ वाचली. चूक नव्हती. विद्याश्रीनं वेबपान बंद केलं आणि थेट आरमध्ये तोच हिशेब पुन्हा मांडला. तीच रेघ. आता चूक आईच्या शिक्षणाच्या नोंदीत सापडेल म्हणून तिनं ‘पदवीधर’ निवडलं, तर रेघ आणखी खाली गेली. शिकल्या की पोटातल्या मुली पाडणं थांबेल, असं ती वर्षानुवर्षं वर्गात मुलींना सांगत आली होती.

“चहा घेऊन येऊ?” अभिरामनं विचारलं. तिनं पुन्हा पहिल्यापासून आकडे तपासायला घेतले.

रविवारी ती कॉलेजचा लॅपटॉप घेऊन कुरुंदवाडला आईवडिलांच्या घरी गेली. भाऊ शशिधरची बायको सौंदर्या बीएस्सी झालेली, विद्याश्रीच्या कामाचं तिला भारी कौतुक. तिला चार वर्षांची मुलगी होती आणि आता तिसरा महिना सरत आला होता. माजघरात दोघी लॅपटॉपपुढं बसल्या. सौंदर्यानं हौसेनं स्वतःच निवडलं : नदीकाठची गावं, पदवीधर आई, पहिली मुलगी.

रेघ उमटली. सौंदर्यानं तिच्यावरून बोट फिरवलं.

“बघितलंस? मला तर खरंच वाटंना,” विद्याश्री म्हणाली.

“पर अक्का, माझी ह्यात न्हाय.”

“तुझी कोण?”

“जन्मल्यालीच मोजलासा तुमी.”

विद्याश्रीला आधी काही कळलंच नाही. मग दोन वर्षांपूर्वीचा फोन आठवला. पोट पडलं, असं आईनं सांगितलं होतं आणि आपण सौंदर्याला म्हणालो होतो, काळजी घे, होईल पुन्हा.

“पडलं नव्हतं?”

सौंदर्यानं नकारार्थी मान हलवली. “ह्यांनी आन् अव्वानी मशीनवर बघाया न्हेलतं. बेस्तरवारी परत जायाचं हाय.”

विद्याश्री उठली. तिनं तिथूनच हाक मारली, “शशी!”

शशिधर आला. पाठोपाठ अव्वा, म्हणजे आई रत्नव्वा, आणि वडील भरमाप्पाही आले. शशिधरनं पडद्याकडं बघितलं, बायकोकडं बघितलं आणि मान खाली घातली. लहानपणी विद्याश्रीच्याच पाठीमागं लपणारा हा भाऊ.

“गुरुवारी ही कुठंही जाणार नाही,” ती म्हणाली.

“तुला काय कळतंय संसारातलं?” रत्नव्वा कडाडली. “घराला दिवा नगो व्हय?”

“अव्वा, तुला मी झाले तेव्हा...”

“तवा मशीन न्हवतं!” रत्नव्वा बोलून गेली. बोलली आणि तीच दचकली. भरमाप्पांनी खांबाचा आधार घेतला. विद्याश्रीनं पन्नाशीच्या पुढच्या त्या बाईकडं, आपल्या आईकडं, अनोळखी माणसाकडं बघावं तसं बघितलं.

सौंदर्या आत गेली. बाहेर आली ती पिशवी भरून, लेकीचा हात धरून. “अक्का, मी येती कोल्हापूरला.”

शशिधरनं त्यांना अडवलं नाही. दर पंधरवड्याला तो बायकोला भेटायला यायचा, दाराशीच बसायचा. विद्याश्री त्याला चहा द्यायची, बोलायची नाही. पोटात काय आहे, हे सौंदर्यानं कुणाला बघू दिलं नाही.

जुलैत ती बाळंत झाली. मुलगा झाला.

रत्नव्वा पेढ्यांचा बॉक्स घेऊनच दवाखान्यात आली. नर्सला, शेजारच्या खाटेवरच्या बाईला, दिसेल त्याला तिनं पेढे वाटले. “उगंच घर डोक्यावर घेतलंस,” ती लेकीला म्हणाली. “झालं की न्हाय चांगलं?”

उत्तर दिलं सौंदर्यानं, बाळाला पाजता पाजता.

“अव्वा, पोरगी झाली असती, तर आज कोण आलं असतं हितं?”

रत्नव्वाचा हात बॉक्सवरच थांबला. शशिधर खिडकीकडं वळला. भरमाप्पांनी हातातला पेढा न खाता परत बॉक्समध्ये ठेवला आणि लाकडी बाकावर, नातीला मांडीवर घेऊन, ते बसून राहिले.