जग्वारची भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. मेक्सिको शहराच्या कडेला, डोंगरउतारावरच्या वस्तीत उभी आहे. इथला झरा आटला, तेव्हा वस्तीतल्या माणसांनी ओढ्यातले रंगीत दगड पाठीवर वाहून आणले आणि माझ्या अंगावर पाणी पिणारा जग्वार घडवला. तो पुरा झाला त्या सकाळी सारी गल्ली आ वासून बघत राहिली. मीसुद्धा!

मग वस्ती बदलली. माझ्यावर जाहिराती चिकटल्या, लोक मानसुद्धा वर न करता पुढून जाऊ लागले. घडवणाऱ्यांपैकी एकटी ओतिलियाआजी उरली. ती ओल्या फडक्याने मला पुसायची. शेवटी बासिलिओ नावाच्या व्यापाऱ्याने जागा घेतली. दुकानांसाठी मला पाडायचे ठरले. आजीने अन्न सोडले.

मे महिन्यात गवंड्यांचा क्रूसाचा सण आला. त्या दिवशी बांधकामावर सगळ्यांत उंच जागी फुलांचा क्रूस रोवतात आणि काम पुरे होईपर्यंत हलवत नाहीत; हलवला तर अपघात होतो, अशी समजूत. इथे तर नुसते पायाचे खड्डे! उंच काय ती मीच. जेवणाच्या घाईत निकानोर मिस्त्रीच्या माणसांनी क्रूस माझ्याच माथ्यावर रोवला. दुसऱ्या दिवशी कोणी हातोडा उचलेना.

बासिलिओ तणतणत आला. "उतरव तो क्रूस!"

"तुम्हीच उतरवा, मालक. मला पोरंबाळं आहेत," निकानोर म्हणाला.

"भित्रे लेकाचे!" म्हणत तो शिडी चढला. पण तोही याच वस्तीतल्या गवंड्याचा मुलगा. क्रूसासमोर त्याने सवयीने टोपी काढली, मान खाली घातली, आणि जन्मात पहिल्यांदा त्याने मला जवळून पाहिले. दगडादगडांमधल्या सिमेंटात अंगठ्यांचे ठसे होते. लहान, मोठे, शेकडो.

"हे कुणाचे?" त्याने दबक्या आवाजात विचारले.

"आमचे सगळ्यांचे," खालून आजी म्हणाली. "एक तुझ्या बापाचाही आहे, बाळा. कोणता, ते मात्र मला सांगता यायचं नाही."

तो कितीतरी वेळ एकेका ठशावर बोट ठेवत राहिला. मग खाली उतरला.

"निकानोर, दुकानं मागे सरकव."

मित्रांनो, मला त्याचे अजून नवल वाटते. तुमच्या गल्लीतही माझी एखादी बहीण उभी असेल. तिला पाडायचेच ठरले, तर आधी एकदा तिच्याजवळ जा. मला पाडायला आलेला माणूस नुसता जवळ आला, आणि मी वाचले.