नऊ फळ्यांची दोरी

१४ मार्च, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटे. फळ्या एकूण नऊ. भाऊजींनी कलादालनाच्या दारातूनच त्या मोजल्या. विमान चुकल्यामुळे खोके पुढे आणि माणसे मागे, असा सगळा प्रवास झाला होता. त्यामुळे आकडा जुळताच त्यांचा जीव भांड्यात पडला. पण तिथे तो अर्धा मिनिटही टिकला नाही.

फळ्यांवर त्यांच्या वहिनींनी काढलेले चित्र होते. एकच, लांबलचक: घरामागची कपडे वाळत घालायची दोरी, पहिल्या फळीपासून नवव्या फळीपर्यंत न तुटता गेलेली. सुरुवातीला बाळाची दुपटी, मग शाळेचे गणवेश, पुढे कामावरचे डगले, आणि शेवटच्या फळीवर, मावळत्या उन्हात, एकटाच एक मफलर. वहिनी चाळीस वर्षे स्वयंपाकघरातल्या टेबलावर चित्रे काढत आल्या, पण घराबाहेरच्या कोणी ती पाहिली नव्हती. आता परदेशातल्या या कलादालनाने त्यांना एक दिवस दिला होता. एकच; उद्या जागा दुसऱ्यांची.

समोर मात्र दुपट्यांची फळी सगळ्यात शेवटी उभी होती. गणवेशांच्या पुढे लगेच मफलर आणि मफलरानंतर डगले. दोरी ठिकठिकाणी तुटली होती.

"भाऊजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "आमचं बाळ म्हातारपणी जन्मलं की हो!"

भाऊजींना हसू आले नाही. तंत्रनिकेतनातून शिकून त्यांनी सारी नोकरी यंत्रांचे आराखडे काढण्यात घालवली होती. प्रत्येक फळीच्या उजव्या कडेला दोन खुंट्या आणि डाव्या कडेला दोन भोके, प्रत्येक जोडाची उंची वेगळी. म्हणजे शेजारी चुकला तर खुंटी बसणारच नाही. "चुकायला जागाच ठेवलेली नाही," असे ते निघण्यापूर्वी घरात येईल त्याला ऐकवत होते.

दालनाचा सुतार अभिमानाने पुढे आला. पाहुण्यांना उशीर होणार हे कळल्यावर त्याने आपण होऊन काम हाती घेतले होते. दोघांनाही परकी असलेल्या भाषेत त्याने सांगितले, "आकड्यांप्रमाणे लावलं." मग पहिल्या फळीच्या मागे रंगवलेल्या ठसठशीत १ वर बोट ठेवले. "हा नऊ."

भाऊजींनी ४ दाखवला.

"आठ," सुतार म्हणाला. "दोन आणि तीन तर अगदी आमच्यासारखेच. म्हणून खात्री पटली. बाकीचे अंदाजाने लावले."

जन्मभर नोकरीत इंग्रजी आकडे लिहिणाऱ्या भाऊजींनी नेमके याच वेळी, घरचे काम म्हणून, हौसेने मराठी आकडे घातले होते. त्यांनी कपाळावर हात मारला. "वहिनी, या एकाने नाकी नऊ आणले!"

"आणणारच. तुम्ही त्याला नऊच करून पाठवलंत."

आकड्यांचे कोडे सुटले म्हणून भाऊजींना हुरूप आला. कोट काढून त्यांनी बाह्या सरसावल्या आणि पहिली फळी उचलायला हात घातला. कडेवरून हात फिरला तो गुळगुळीत. खुंट्या नव्हत्या. चौथ्या फळीच्याही नव्हत्या.

"आठ आणि नऊ नक्की होते, पण त्यांच्या खुंट्या आड येत होत्या," सुतार म्हणाला. आता त्याचाही आवाज खाली आला. "कापल्या."

तेवढ्यात व्यवस्थापक बाई आल्या. त्यांनी सगळे पाहिले आणि वाईट वाटूनच सांगितले, "अकराला दार उघडतं. त्या वेळी जे पक्कं उभं नसेल ते मला गोदामात ठेवावं लागेल. माणसांच्या अंगावर पडलं तर?"

नवी भोके पाडून, सरस लावून तो वाळायला दिवस गेला असता. आठांपैकी सहा जोड धड होते. पण पहिला आणि चौथा लंगडा असताना रांग उभी राहणार कशी? भाऊजी खिशातली पट्टी उघडत होते, मिटत होते.

वहिनींनी मात्र आपली बॅग जमिनीवर उपडी केली. साबणाची वडी, चिमट्यांची पिशवी आणि निळ्या नायलॉनच्या दोरीचे भेंडोळे घरंगळत बाहेर आले. विमानतळावर वजन जास्त भरले तेव्हा याच भेंडोळ्यावरून भाऊजी बोलले होते, "परदेशात काय कपडे वाळत घालणार आहात?"

"फळ्या उचलायला तुम्ही कडेला वर आणि खाली भोकं ठेवलीत ना?" वहिनींनी विचारले. "त्यातून ओवा. बांधून टाका."

भाऊजींनी दोरीकडे पाहिले, फळीकडे पाहिले आणि ते जवळजवळ ओरडलेच, "लंगड्या जोडांपाशी वळवून रांग नागमोडी उभी करू! बांधली की हलायची नाही. अहो वहिनी, हा तर बिजागर झाला!"

मग एकच धांदल उडाली. सुतार फळ्या उचलत होता, भाऊजी मराठीतच "एक! दोन!" ओरडत होते आणि तोही तसेच ओरडत होता. धड जोड खटाखट बसले. लंगड्या जोडांवर सुताराने अशा गाठी मारल्या की भाऊजींनी त्या दोनदा ओढून पाहिल्या आणि मान डोलावली. वरच्या भोकांतली निळी दोरी रंगवलेल्या दोरीच्या रेषेतच आली. चित्रातली दोरी दोन जागी फळीतून बाहेर येऊन परत आत गेल्यासारखी दिसू लागली.

व्यवस्थापक बाईंनी दोन्ही हातांनी रांग ढकलून पाहिली. हलली नाही. त्या दार उघडायला गेल्या.

वहिनींनी खऱ्या दोरीवर घाम पुसून ओला झालेला आपला रुमाल चिमट्याने अडकवला. सुताराने क्षणभर विचार केला, खांद्यावरचे फडके काढले आणि शेजारी लावले.

दार उघडले. पहिली बाई दुपट्यांपाशी आली आणि दोरीचा माग घेत शेवटापर्यंत चालत गेली. मफलरापाशी ती बराच वेळ थांबली. परत फिरून रुमालाजवळ आली, चिमटा मागितला आणि आपला एक हातमोजा तिथे अडकवला. तिच्या मागच्या माणसानेही हात पुढे केला.

"भाऊजी, चिमटे पुरतील ना हो?" वहिनींनी विचारले.

"आधी सांगायचं होतंत," भाऊजी डोळे पुसत म्हणाले, "आणखी दोन किलो आणले असते!"

सायंकाळी सहा वाजता दार बंद झाले. चित्र पाहून गेलेली माणसे: चारशे सतरा.