शहात्तरचा रंग

नाचाचा कुरळा विग नीट बसवायला तीसच्या वर पिना लागतात, हे गिरीशला त्या शनिवारी सकाळी कळलं. एरवी हे काम शैलजाचं. आश्लेषाला आयरिश डान्सच्या क्लासला सोडणं, स्पर्धांना नेणं, मोजे घसरू नयेत म्हणून पोटऱ्यांना गोंद लावणं, गेली सात वर्षं तीच करत आली होती. पण तिच्या वडिलांची बायपास ठरली आणि तिला पुण्याला जावं लागलं. म्हणून नेपरव्हिलहून मिलवॉकीपर्यंत दोन तास बर्फातून गाडी चालवत लेकीला स्पर्धेला आणायची पाळी गिरीशवर आली.

"बाबा, तिकडे नाही. कानामागे," आश्लेषा आरशात बघत म्हणाली.

"टोचतंय का?"

"टोचायलाच हवं. नाहीतर उडेल."

ती चौदा वर्षांची होती. तिच्या वयोगटात त्या भागातल्या शंभरएक मुली होत्या आणि त्यांतल्या पहिल्या दहाजणी एप्रिलमध्ये जागतिक स्पर्धेला जाणार होत्या. पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या झाल्या. तिच्या शिक्षिका मिस नोरीन सहसा कुणाची स्तुती करत नसत, पण दुसऱ्या फेरीनंतर त्या गिरीशपाशी येऊन हळूच म्हणाल्या, "माझ्या हिशोबाने ती सातवी-आठवी असेल. आता फक्त शेवटचा नाच राहिला. आणि तो तिला सगळ्यात चांगला येतो."

शेवटच्या फेरीत प्रत्येकीने स्टेजवर एकटीनेच नाचायचं असतं, जड टाचांचे बूट घालून. धून कुठली आणि तिचा वेग किती, हे नाचणारीच वादकाला सांगते. वादक समोर ठेवलेल्या छोट्या यंत्रावर तो आकडा लावून वाजवायला सुरुवात करतो. आश्लेषाचा आकडा ठरलेला होता. मिनिटाला शहात्तर ठोके.

हॉटेलच्या त्या मोठ्या हॉलमध्ये जागोजागी पाट्या लावल्या होत्या. फोटो, व्हिडिओ सक्त मनाई. आढळल्यास स्पर्धक बाद. गिरीशने त्या वाचल्या होत्या. तरी त्याने फोन जॅकेटच्या वरच्या खिशात उभा ठेवला, कॅमेरा जेमतेम बाहेर डोकावेल असा. शैलजाने सात वर्षं मेहनत घेतली आणि नेमका हाच नाच तिला बघायला मिळणार नव्हता. एवढ्या गर्दीत कोण बघतंय, असं त्याला वाटलं.

आश्लेषा स्टेजवर आली. कोपऱ्यात बसलेल्या वादकाकडे वाकून काहीतरी बोलली. वादक म्हणजे मिस्टर डोलन, सत्तरी ओलांडलेले, मांडीवर अकॉर्डियन. चाळीस वर्षं ते या स्पर्धांना वाजवत होते असं कुणीतरी सांगितलं होतं. त्यांनी मान डोलावली. ती मध्यभागी जाऊन उभी राहिली, हात अंगालगत, पाय फुलीसारखे. अकॉर्डियन सुरू झालं.

सुरुवातीचे काही सूर नाचणारीने नुसतं उभं राहून ऐकायचे असतात. ते संपले. नाच सुरू व्हायची जागा आली आणि गेली. आश्लेषा हललीच नाही.

गिरीश पुढे झुकला. विसरली की काय? त्याला तिचा चेहरा दिसत होता. ती घाबरलेली नव्हती. समोरच्या लाकडी फरशीकडे ती अशी बघत होती, जणू तिथे कुणीतरी भलतंच काहीतरी आणून ठेवलंय. मग तिने हात वर केला.

परीक्षकांपैकी एकीने घंटी वाजवली. अकॉर्डियन थांबलं. हॉलमध्ये कुणाच्या खुर्चीचा पाय करकरला तोसुद्धा ऐकू आला.

"काय झालं?" परीक्षक बाईंनी विचारलं.

"म्युझिक चुकीचं आहे."

"म्हणजे? ही तुझी धून नाही?"

"धून माझीच आहे. पण..." आश्लेषा अडखळली. "ती हिरवी आहे. निळी असायला हवी."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. आयरिश लोकांचा रंगच हिरवा, आणि त्यांच्याच नाचाच्या स्पर्धेत हिरव्या रंगाची तक्रार! परीक्षक बाईंना मात्र हसू आलं नाही. आपली टिंगल चालली आहे असं त्यांना वाटलं असावं, कारण त्यांचा आवाज एकदम गार झाला.

"मिस्टर डोलन, वेग किती होता?"

डोलननी यंत्राकडे पाहिलं. "शहात्तर. लावलेला आहे."

"मग तू नाच. पुन्हा वाजवतील. पण तक्रारीचा निकाल समिती नंतर लावेल. चूक वादकाची नसेल तर या फेरीचे तुझे गुण धरले जाणार नाहीत."

पुन्हा सूर सुरू झाले. या वेळी ती नाचली. गिरीशला नाचातलं फारसं कळत नव्हतं, पण तिचा डावा पाय दोनदा उशिरा पडला, हे त्यालासुद्धा कळलं.

हॉलबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये त्याने तिला गाठलं.

"हिरवी म्हणजे काय? काय बोलत होतीस तू तिथे?"

"बाबा, प्लीज."

"सगळ्यांसमोर! वेड्यासारखं! टेन्शन आलं होतं तर तसं सांगायचं ना, की विसरले म्हणून."

"आय डिडन्ट फर्गेट!" तिचा आवाज चढला आणि लगेच फुटला. "मला दिसतं. म्युझिक वाजलं की मला रंग दिसतो. समोर, फ्लोअरवर, पट्ट्या पट्ट्या. त्या पट्टीच्या कडेवर मी पाय टाकते. शहात्तरला ती धून डार्क ब्लू असते, पट्ट्या रुंद असतात. आज त्या हिरव्या होत्या आणि अरुंद. पाय टाकायला जागाच नव्हती."

गिरीश तिच्याकडे बघत राहिला. त्याला भीती वाटली. डोक्याचं काही असेल का? शैलजाला फोनवर हे कसं सांगायचं?

"असलं काही समितीसमोर बोलू नकोस," तो शेवटी म्हणाला.

आश्लेषा वळली आणि कपडे बदलायच्या खोलीत निघून गेली.

तो जिन्याखालच्या कोपऱ्यात गेला. फोन काढला, कानात इअरफोन घातले. व्हिडिओत चित्र जवळपास नव्हतंच, समोरच्या बाईचा खांदा आणि वर स्टेजचा तुकडा. पण आवाज स्वच्छ होता. ठोके मोजायचं एक ॲप त्याने डाउनलोड केलं. एकाच फोनवर दोन्ही जमेना, म्हणून व्हिडिओ ऑफिसच्या फोनवर पाठवून तिथे लावला. ठोक्याठोक्याला स्क्रीनवर बोट आपटत गेला.

ऐंशी.

पुन्हा मोजलं. ऐंशी. आता दुसऱ्यांदा वाजवलेलं. शहात्तर.

तिच्या आधीच्या मुलीची धून जलद होती. म्हाताऱ्याने यंत्रावर नवा आकडा लावला खरा, पण हात जुन्याच वेगात चालू राहिला असणार.

मिस नोरीन जिन्याजवळून चालल्या होत्या. त्याने त्यांना थांबवलं. "ती बरोबर आहे. माझ्याकडे..."

त्यांची नजर फोनवर गेली आणि त्यांनी हात वर केला. "मिस्टर गोखले, पुढे बोलू नका. तुमच्याकडे काय आहे ते मला कळलं तर मला ते सांगावं लागेल. आणि मग ती बाद होईल. आज, आत्ता." त्या घाईघाईने निघून गेल्या.

आश्लेषा कपड्यांच्या खोलीबाहेर जमिनीवर बसली होती. विग तसाच डोक्यावर. गिरीश तिच्याशेजारी खाली बसला.

"ऐंशी होता," तो म्हणाला. "तू बरोबर होतीस."

तिने मान वर केली. क्षणभर तिचा चेहरा उजळला. मग तिने विचारलं, "तुला कसं माहीत?"

त्याने फोन दाखवला.

तिने फोनकडे पाहिलं. "म्हणजे मी सांगितलं तेव्हा तुला खरं नाही वाटलं. फोनने सांगितलं तेव्हा वाटलं."

"आशू, तसं नाही..."

"आणि तू रेकॉर्ड केलंस. कुणी बघितलं असतं तर? तुझ्यामुळे मी बाद झाले असते बाबा. हिरवं-निळं राहू दे, तुझ्यामुळे."

तिने त्याच्या हातातून फोन घेतला, व्हिडिओ डिलीट केला, मग डिलीट केलेल्यांच्या फोल्डरमध्ये जाऊन तिथूनही काढला. ऑफिसच्या फोनमधूनही. दोन्ही फोन त्याच्या मांडीवर ठेवून ती उठली.

"आता काय दाखवणार आपण?" त्याने विचारलं.

"काही नाही. मी त्यांना सांगणार, मला टेस्ट करा."

समितीची खोली कॉरिडॉरच्या टोकाला होती. पालकांना आत प्रवेश नव्हता. प्रमुख मिसेस टिअर्नी दारात उभ्या राहून आश्लेषाचं म्हणणं ऐकत होत्या. तिने त्यांना सगळं सांगितलं, रंग, पट्ट्या, सगळं. खाली न बघता. शेजारी उभ्या असलेल्या मिस नोरीनच्या चेहऱ्यावरून कळत होतं की त्यासुद्धा हे पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"सहा वेळा वाजवा," आश्लेषा म्हणाली. "मशीन मला दिसणार नाही असं ठेवा. शहात्तर कुठला ते मी सांगते."

मिसेस टिअर्नींनी आत बसलेल्या डोलनकडे पाहिलं. म्हातारा चिडेल असं गिरीशला वाटलं होतं. पण तो अकॉर्डियनचे पट्टे खांद्यावर घेत एवढंच म्हणाला, "माझी हरकत नाही. मलाही जाणून घ्यायचंय."

दार बंद झालं.

गिरीश बाहेर भिंतीला टेकून उभा राहिला. आतला आवाज दारातून दबका येत होता, पण ठोके कळत होते. त्याने ॲप उघडलं. पहिली खेप. तो बोट आपटत गेला. चौऱ्याहत्तर. सूर थांबले. आत कुणीतरी बोललं, पण शब्द कळले नाहीत.

दुसरी, शहात्तर. तिसरी, ऐंशी. चौथी, पुन्हा शहात्तर. प्रत्येक वेळी तो आकडा बघायचा आणि मग आतली शांतता यायची. प्रश्नपत्रिकेची सगळी उत्तरं त्याच्या हातात होती आणि ती काय लिहीत होती ते त्याला दिसत नव्हतं. दार लोटून आत जावं आणि तिला खूण करावी असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला लाज वाटली. पाचवी, अठ्ठ्याहत्तर. दोनच ठोक्यांचा फरक. एवढं कुणाला कळणार?

सहावी खेप त्याला मोजताच येईना. शहात्तर वाटत होती, मग सत्त्याहत्तर, मग अठ्ठ्याहत्तर. आपलंच बोट चुकतंय असं समजून त्याने पुन्हा सुरुवात केली, तोवर सूर थांबले.

या वेळी आत खूप वेळ काही ऐकू आलं नाही. मग मिसेस टिअर्नींचा आवाज, मग डोलनचा, जरा मोठा. मग पुन्हा शांतता. कॉरिडॉरमधून दोन लहान मुली बूट आपटत पळत गेल्या, तेव्हा गिरीशने त्यांच्यावर ओरडायला तोंड उघडलं आणि स्वतःला आवरलं.

दार उघडलं. पहिले डोलन बाहेर आले. ते थेट गिरीशपाशी आले.

"तुम्ही तिचे वडील?"

"हो."

"पाच बरोबर सांगितले तिने. एकदाही वेळ न घेता. सहाव्याला म्हणाली की आधी निळा होता, मग कडेने हिरवा व्हायला लागला. मिसेस टिअर्नी म्हणाल्या, इथे चुकली, कारण यंत्र शहात्तरवरच होतं." म्हाताऱ्याने कपाळ पुसलं. "पण चुकली नव्हती. मी घाईत गेलो होतो. माझं मला कळलं, मध्येच. मघाशीही हेच झालं असणार. मी त्यांना तसं सांगितलंय."

त्यांनी हात पुढे केला. गिरीशने तो दोन्ही हातांनी धरला.

दुसऱ्यांदा केलेल्या नाचाचे गुण धरायचं ठरलं. मिसेस टिअर्नींनी ते कोरड्या आवाजात सांगितलं, आणि जाता जाता आश्लेषाच्या खांद्यावर हलकेच थोपटलं.

संध्याकाळी निकाल लागला. आश्लेषा बारावी आली. दोन नंबरांनी जागतिक स्पर्धा हुकली. तो डावा पाय दोनदा उशिरा पडला होता, तेवढं पुरेसं होतं. तिथे ती रडली नाही. बक्षिसाची फीत घेतली, जिंकलेल्या मुलींना मिठ्या मारल्या, आणि गाडीत बसून दार लावल्यावर विगच्या पिना एकेक उपटत ढसाढसा रडली. गिरीशने गाडी सुरू केली नाही. काचेवर बर्फ साचत होता.

शांत झाल्यावर तिने नाक पुसलं. "चल ना."

हायवेला लागल्यावर त्याने विचारलं, "आईला माहीत आहे?"

"नाही. कुणालाच नाही."

"इतकी वर्षं? का?"

"मी सांगितलं होतं. सेकंड ग्रेडमध्ये. व्हायोलिन वाजलं की ग्रे लाइन्स दिसतात म्हणून. तुम्ही मला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले डोळे परफेक्ट आहेत. तू गाडीत आईला म्हणालास, नाटकं करते. मी मागेच बसले होते."

गिरीशला तो दिवस आठवायला थोडा वेळ लागला. मग आठवला. ऑफिसमधून लवकर निघावं लागलं म्हणून तो वैतागला होता.

"माझं चुकलं," तो म्हणाला. "तेव्हाही आणि आजही."

ती खिडकीबाहेर बघत होती. "ओके," म्हणाली. खरंच ओके होतं की नाही ते त्याला कळलं नाही, आणि त्याने विचारलंही नाही.

थोड्या वेळाने गाडीच्या स्क्रीनवर शैलजाचं नाव उमटलं. पुण्यात पहाट होती. निकाल ऐकायला ती गजर लावून उठली असणार. गिरीशने बटणाकडे हात नेला, तोच आश्लेषाने त्याचं मनगट धरलं.

"मी बोलते. तू काही सांगू नकोस."

"बरं."

तिने बटण दाबलं. "आई? बारावी आले. हो. नाही, आय एम फाइन. ऐक ना, मला तुला दुसरं काहीतरी सांगायचंय. मध्ये बोलू नकोस हां, आधी सगळं ऐक."

गिरीशने हीटरचा पंखा बारीक केला, म्हणजे तिला नीट बोलता येईल, आणि गाडी उजव्या लेनमध्ये घेतली.