बास्तीनआयची चक्कर

सिस्टर रेजिना मुनिस पाच आठवड्यांच्या रजेवर उत्तनला आली आणि दुसऱ्याच दिवशी तिच्या आईला चक्कर यायला लागली.

त्याआधी बास्तीनआय ठणठणीत होती. वय शहात्तर, पण पहाटे उठून बंदरावर जायची, टोपलीभर बोंबील घेऊन यायची आणि दोऱ्यांवर सुकत घालायची. मुलगा पास्कल भाईंदर पूर्वेला फ्लॅटमध्ये राहायचा. त्याने कितीदा बोलावलं, पण म्हातारी ऐकेना. "तुझ्या बिल्डिंगीत बोंबील तळले का शेजारी खिडक्या लावतात. मी मेली तरी तिथं येनार न्हाय," असं तिने त्याला तोंडावर सांगितलं होतं.

रेजिना चौदा वर्षं आफ्रिकेत होती. मलावी नावाच्या देशात एका भल्यामोठ्या तळ्याच्या काठी मिशनचा चार खाटांचा दवाखाना आहे. तिथे ती बाळंतपणं करायची. घरी यायला मिळे चार वर्षांतून एकदा. या खेपेला तिच्याबरोबर तामांदाही आली होती. तामांदा तिथलीच, बत्तीस वर्षांची, हसरी, उंचपुरी नर्स. मुंबईत तिचं तीन आठवड्यांचं ट्रेनिंग होतं. ते संपल्यावर उरलेले दिवस ती सिस्टरच्या गावी राहायला आली.

तर चक्कर. बास्तीनआयने पास्कलची जुनी छत्री काठीसारखी हातात धरली आणि उंबऱ्यापासून खाटेपर्यंत भिंत चाचपत जायला लागली. रेजिनाने बीपी पाहिलं, बरोबर. साखर पाहिली, बरोबर. भाईंदरच्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी शक्तीच्या गोळ्या दिल्या.

"गोलीनं काय व्हनार?" आई खाटेवर पडल्या पडल्या म्हणाली. "मानूस जवल पायजे. एक दिवस अशीच पडेन नि कोनाला कलनार पन न्हाय."

"आय, पास्कल आहे ना."

"पास्कल हाय त्याच्या फ्लॅटात. नि तू हाय तिकडं. देवाला अख्ख्या उत्तनमदी दुसरी कोनी दिसली न्हाय काय?"

रेजिना गोळ्यांची पाकिटं आवरत राहिली. एकविसाव्या वर्षी मठात जाताना तिला वाटलं होतं, देवाने हाक मारली की बाकीचं आपोआप जुळून येतं. आता अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कळत होतं की हाक खरी असते, पण मागे राहिलेल्यांची समजूत ज्याची त्यालाच काढावी लागते. चौथ्या आठवड्यात तिने मनाशी ठरवलं आणि मोठ्या मदरना पत्र लिहिलं: आईची तब्येत बरी नाही, मला इकडेच काम द्यावं. इकडे म्हणजे बहुतेक मठाच्या ऑफिसात, फायली आणि देणगीच्या पावत्या. पत्र लिहून झालं तेव्हा तिला एकदम भरून आलं. तिने ते बायबलमध्ये ठेवलं आणि सोमवारी देऊ असं ठरवलं.

तामांदाला ती म्हणाली, "मी बहुतेक परत येणार नाही."

तामांदा ओट्यावर बसून शेंगा सोलत होती. तिने आत खाटेकडे नजर टाकली. "सिस्टर, माझी आजी पण असंच करायची. मी नर्सिंगला निघाले तेव्हा तिचे दोन्ही पाय गेले होते. बस सुटल्यावर ती शेतात चालत गेली."

"माझी आई तशी नाही," रेजिना जरा रागानेच म्हणाली.

तामांदा परत शेंगा सोलू लागली. पण म्हातारीचं आणि तिचं मात्र चांगलं सूत जुळलं होतं. एकीला मराठी येत नव्हतं, दुसरीला इंग्रजी. पण तामांदाच्या गावीही तळ्यातली बारीक मासळी अशीच उन्हात सुकवतात. त्यामुळे पहिल्याच दिवशी ती दोऱ्यांपाशी गेली, दोन बोंबील घेऊन एकमेकांच्या जबड्यात अडकवले आणि झर्रकन टांगले. बास्तीनआय बघतच राहिली. शिवाय तामांदाच्या भाषेत आईला 'मायी' म्हणतात. ती बास्तीनआयला 'मायी, मायी' करू लागली, तशी म्हातारी विरघळली. "ही पोर आपलीच वाटते," ती शेजाऱ्यांना सांगायची, छत्रीवर रेलून.

सोमवारी सकाळी दहाचा सुमार असेल. रेजिना चर्चमधून येऊन चहा घेत होती. पत्र तिच्या झोळीत होतं. इतक्यात वाळवणाच्या मैदानाकडून बायकांचा ओरडा ऐकू आला.

"सिस्टर! ओ सिस्टर! दुर्गाला बघा!"

दुर्गा वाळवणावर कामाला यायची. नवरा दशरथ बोटीवर खलाशी, दोन दिवसांपूर्वीच समुद्रावर गेलेला. तिला नववा महिना लागला होता. "अजून वेळ आहे" म्हणत ती मासळी उलथत राहिली होती. आता ती ताडपत्रीच्या सावलीला दोन्ही हातांनी बांबू धरून उभी होती आणि तिची साडी ओली झाली होती.

रेजिनाने एका नजरेत ओळखलं. "गाडी बोलवा, एकशेआठ. पण ही गाडीची वाट बघणार नाही. तामांदा!"

तामांदा आधीच हातमोजे घेऊन धावत आली होती. रेजिना घराच्या दिशेने ओरडली, "कोणीतरी साबण, पाणी आणि स्वच्छ टॉवेल आणा!"

मग तिचं सगळं लक्ष दुर्गाकडे गेलं. बायकांनी साड्यांचा आडोसा केला. कोणीतरी घडा टेकवला, साबण हातात दिला, टॉवेलांची चळत समोर धरली. रेजिनाने हात धुतले. कोण देतंय हे तिने पाहिलं नाही.

"दुर्गा, घाबरू नकोस. बाळाला यायची घाई झालीय, बस."

"सिस्टर, दशरथ नाहीय हो इथे..."

"आम्ही एवढ्या जणी आहोत ना. आता कळ आली की कंखानी! कंखानी!"

दुर्गाने डोळे विस्फारले. घाईत रेजिनाच्या तोंडून तिकडचाच शब्द निघाला होता. मागून खणखणीत आवाज आला, "जोर काढ, पोरी! जोर काढ म्हन्ते ती!"

दुर्गाने जोर काढला. डोकं बाहेर आलं आणि लगेच कासवासारखं आत ओढलं गेलं. बाळाचा खांदा अडकला होता. अशा वेळी हाताशी मिनिटं मोजकीच असतात. ती तामांदाशी दोन शब्द बोलली, तिकडच्याच भाषेत. चौदा वर्षांत असं सहा वेळा झालं होतं आणि प्रत्येक वेळी समोर तामांदा नाहीतर तिच्यासारखीच कोणीतरी होती.

"दुर्गा, उलटी हो. हात आणि गुडघ्यांवर. लवकर!"

दोघींनी तिला वळवलं. समोरून कोणीतरी तिचे खांदे घट्ट धरले, तिचं कपाळ स्वतःच्या छातीशी घेतलं. रेजिनाने हात आत घातला, बाळाचा दंड बोटांना लागला, तो तिने हळूच पुढे ओढला. मनात एकच शब्द, येशू, येशू. आणि मग एकदम सगळं सैल झालं. बाळ घसरून तिच्या हातात आलं.

निळसर, गप्प.

तामांदाने टॉवेलने पाठ चोळायला सुरुवात केली. चोळलं, पालथं केलं, परत चोळलं. मग बाळाने तोंड वाकडं केलं आणि असं काही रडलं की दोऱ्यांवरचे कावळे उडाले.

"मुलगी!" बायका हसायला लागल्या, रडायला लागल्या. रेजिनाने नाळ न कापताच बाळ दुर्गाच्या छातीवर ठेवलं, वर टॉवेल घातला आणि मग कुठे मान वर केली.

दुर्गाचं डोकं मांडीवर घेऊन वाळूत बसलेली बाई म्हणजे तिची आई होती. पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. पाण्याचा घडाही तिनेच आणला होता, टॉवेलही तिनेच. घरापासून इथवर, वाळूतून, धावत.

अर्ध्या तासात गाडी आली आणि दुर्गाला व बाळाला घेऊन गेली. दोघी ठीक होत्या. बायका पांगल्या. तामांदा घरात जाऊन आली, तेव्हा तिच्या हातात छत्री होती. तिने ती दोन्ही हातांवर ठेवून अदबीने पुढे केली.

"मायी," ती म्हणाली आणि हसू आवरेना म्हणून खाली बसली.

बास्तीनआयने छत्रीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "चक्कर गेली," ती म्हणाली. "आताच गेली."

"आय!"

"मंग काय करू?" म्हातारीचा आवाज फुटला. "मी मरेन नि तू इमानातून येशील, तवर माती पडलेली असंल. म्हनून केलं सोंग."

रेजिना तिच्या शेजारी वाळूत बसली. तिला हसूही येत होतं, रागही येत होता. "ते तसं होऊ शकतं, आय," ती शेवटी म्हणाली. "नाही होणार असं मी खोटं नाही सांगणार."

बास्तीनआयने सुटलेले केस परत बांधले आणि विचारलं, "इथं गाडी अर्ध्या तासात आली. तिकडं किती येलात येते?"

रेजिनाने तामांदाकडे पाहून प्रश्न सांगितला. तामांदाने बोटांवर काहीतरी मोजलं. मग मान हलवली.

"गाडी येतच नाही," रेजिना म्हणाली. "सायकलच्या मागे बसवून आणतात. कधी चालत येतात. आम्ही दोघी असतो."

"नि तू इकडं राह्यलीस तर?"

"मग ही एकटी."

म्हातारीने रेजिनाचा हात उचलला, उलटसुलट करून बघितला. "मला वाटायचं, तू तिकडं प्रार्थना सांगतेस नि गोल्या वाटतेस," ती म्हणाली. "हे मला कुनी सांगितलंच न्हाय."

"तू विचारलंच नाहीस कधी."

"न्हाय इचारलं. राग हुता." मग तिने पदराने नाक पुसलं. "जा तू. पन चार वरसं म्हंजे लई झाली. तुझ्या मदरला सांग, म्हातारी दोन वरसांच्या वर थांबत न्हाय."

झोळीतलं पत्र रेजिनाने त्याच दुपारी फाडलं आणि नवीन लिहिलं, दर दोन वर्षांनी महिन्याची रजा मागणारं. मदरनी होकार दिला.

दोन दिवसांनी दशरथची बोट लागली. धक्क्यावर त्याला बातमी कळली, तसा तो मासळीच्या वासासकट दवाखान्यात धावला. परत येताना त्याने बास्तीनआयच्या ओट्यावर पापलेटची जोडी ठेवली. त्या संध्याकाळी पास्कलही आला, तामांदाने भरपूर मिरची घालून तिकडच्या पद्धतीची भाजी केली, आणि बास्तीनआयने पहिल्यांदाच लेकीचा फोन मागून घेतला.

"फोटू दाखव," ती म्हणाली. "तुजी ती चार खाटांची जागा. नि तिथं जलमलेल्या पोरांची नावं सांग, एकेकाचं."

रेजिना सांगत बसली. नावं पुष्कळ होती.