तांबं की वाळू

सुमेधाने समोशांचा डबा उघडला तेव्हा पडद्यावर अजून झांबियाचा नकाशा होता. मिलिंद सरांनी प्रोजेक्टर बंद केला आणि खुर्ची मागे रेलली.

"आता चहा," ते म्हणाले.

विभागाची रीतच होती. पीएचडीला बसणाऱ्याने आपला विषय समितीपुढे इंग्रजीत मांडायचा, समितीने इंग्रजीत शंका काढायच्या, आणि मग त्याच विद्यार्थ्याने आणलेलं खात समितीने खरा निर्णय घ्यायचा. समितीत दोघंच होते, तिचे मार्गदर्शक मिलिंद सर आणि विभागप्रमुख रंजना मॅडम. दोघंही पुण्याकडचे आणि सुमेधाच्या घरीही मराठीच, त्यामुळे या तेलुगू शहरातही चहाबरोबर मराठी सुरू झाली. सर इंग्रजीत सभ्य असत, मराठीत आपुलकीने बोलत. सुमेधाला त्यांची आपुलकी जास्त बोचायची.

"कुठले? नारायणगुड्याच्या बेकरीचे?" सरांनी विचारलं.

"घरचे आहेत, सर. आईनं केले."

सरांनी समोर आलेली बशी हलकेच बाजूला सारली.

"मला ॲसिडिटी आहे."

मॅडमनी समोसा उचलला. सुमेधा चहा ओतत राहिली. अंबरपेठेतल्या स्वयंपाकघरात सकाळी आईने कढईवरून मान न वळवता विचारलं होतं, "सर खातेत का ग आपल्या घरचं?" तेव्हाही सुमेधाने असाच चहा ओतला होता.

"तर तुझं झांबिया," सर म्हणाले. "तांब्याच्या खाणी, कंपन्यांशी झालेले करार, लंडनला ठरणारा भाव. वाचायला बरं वाटतं. पण तिथं तुझं कोण आहे?"

"कोणी नाही, सर."

"मग तुझ्याशी बोलणार कोण? तुझं गाव नांदेडकडे ना? नदीतून वाळू उपसतात तिथं. तुझं घर तिथं आहे, लोक तुझ्याशी बोलतील. तुमच्या वस्तीचं काय झालं ते तुझ्याइतकं कोण लिहिणार? आपली माणसं सोडून आफ्रिका कशाला?"

"मी तिथं दोनच बार गेलेय, सर."

"दोनच वेळा," सरांनी सुधारलं आणि मॅडमकडे बघून हसले.

सुमेधाच्या कानशिलांपर्यंत राग चढला. सरांची स्वतःची पीएचडी चिलीतल्या तांब्यावरची होती. तिथे त्यांची कुठली आत्या राहत होती, हे विचारायचं तिच्या अगदी ओठांवर आलं. पण सरांची सही नाही तर विषय मंजूर नाही, आणि विषय नाही तर परदेशी जायची शिष्यवृत्ती नाही. दोन वर्षं तिने ते खाणकरार वाचण्यात घालवली होती. तिने सरांच्या डोक्यावरच्या कॅलेंडरकडे बघितलं. पुण्यातल्या भावाच्या बांधकाम कंपनीचं ते कॅलेंडर सर दर जानेवारीत विभागभर वाटत. या महिन्याच्या पानावर नदीकाठचे तीन उंच मनोरे होते.

ती बराच वेळ त्या मनोऱ्यांकडे बघत राहिली.

"ठीक आहे, सर," ती म्हणाली. "वाळूच घेते."

"शहाणी आहेस." सर खुलले. आता त्यांना ॲसिडिटी आठवली नाही. त्यांनी बशी पुढे ओढली आणि समोशाचा मोठा घास घेतला.

"पण सुरुवात पुण्यापासून करते."

"पुण्यापासून का?" मॅडमनी विचारलं.

"वाळू गावात राहत नाही, मॅडम. ट्रकनं शहरात जाते. कोण घेतं, काय भावानं घेतं, परवाने कसे मिळतात, ते घेणाऱ्याकडेच कळेल. नदीतला खड्डा काय सांगणार?" तिने सरांच्या कपात चहा ओतला. "मला तिथं कुणी दारात उभं करणार नाही. पण सरांचे भाऊ बिल्डर आहेत. सरांचं घर तिथं आहे, लोक त्यांच्याशी बोलतील."

सरांचा घास तोंडातच राहिला. मॅडमनी सावकाश मान वळवून कॅलेंडर बघितलं, जणू आजच टांगलं होतं.

"विषय चांगला आहे, मिलिंद," त्या म्हणाल्या. "आणि माणसं काय, घरचीच."

सरांनी उरलेला समोसा बशीत ठेवला. रुमालाने बोटं पुसली, एकेक करून, मग पुन्हा पुसली. सुमेधाकडे न बघता त्यांनी तिच्या मूळ विषयावर सही केली.

"झांबियाच्या परवानग्यांना वेळ लागतो," ते दाराकडे जाता जाता म्हणाले. "नंतर माझ्याकडे रडत येऊ नकोस."

जिन्यात तिने आईला फोन लावला.

"सरांनी खाल्लं का?" आईने आधी तेच विचारलं.

"अर्धा खाल्ला."

"अर्धाच? कच्चा राहिला का काय?"

"नाही ग, मस्त झाले होते. मधेच बोलणं निघालं."

"आन् तुझं काय झालं?"

"झांबियाला जायचं."

पलीकडे नळ बंद झाल्याचा आवाज आला.

"इत्क्या दूर," आई म्हणाली. "तिथं आपलं कोन हाय, सुमे?"

"कोणीच नाही," सुमेधा म्हणाली आणि डब्यातला समोसा काढून जिन्यातच खायला लागली.