पाच बोटं, चार फटी

डबा पडला तेव्हा आम्ही तिघी नव्या इमारतीच्या मधल्या चौकात ओल्या काँक्रीटवर चोपणी चालवत होतो. उकिडवं बसायचं, लाकडी चोपणं उचलायचं, आपटायचं, आणि हात एका चालीत राहावेत म्हणून गात राहायचं:

चोप गं, बाई, सपाट, कर,
पाण्याला, दाव गं, मोरीची, वाट,
उतार, धर गं, सोडू नको, हात.

दर शब्दाला एक थाप. गाणं अडखळलं की जमीनही अडखळते आणि मग पाणी मोरीऐवजी दारात जातं.

"खाली!" वरून ओरड आली.

आमच्या कामावरचा हा रिवाज. ज्याच्या हातून वस्तू सुटेल त्यानं त्याच क्षणी ओरडायचं, खालच्यांनी भिंतीला चिकटायचं. आमच्या डोक्यावर सज्जा होता, म्हणून आमचे हात चालूच राहिले. सुतारबाबा मात्र कानानं मंद. ते फळीवर रंधा ओढत राहिले, आणि रंगाचा रिकामा डबा त्यांच्यापासून वीतभर अंतरावर येऊन आदळला. बाबांनी आधी डब्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे, आणि मग खालीच बसले.

त्या बाजूला वर दोघंच होते. दुसऱ्या मजल्याच्या पालखीवर, म्हणजे बांबूंना बांधलेल्या फळ्यांवर, भिंत रंगवणारी माझी वहिनी, आणि गच्चीवर मुकादमाचा मेहुणा. डबे दोघांचे सारखेच. आवाज कुणाचा? एक शब्द, तोही चार भिंतींत घुमलेला. बाईचा की बाप्याचा, कोण सांगणार?

मुकादमानं मात्र लगेच सांगितलं. "ही बाईच! उद्यापासून हिनं वर चढायचं नाही. खाली बसून घासकाम करायचं. बायकांना उंची झेपत नाही, मी पहिल्या दिवसापासून ओरडतोय."

त्या पालखीपर्यंत पोहोचायला वहिनीला अकरा वर्षं लागली होती. आधी डोक्यावर घमेलं, मग हातात पॉलिश पेपर, मग भिंतीच्या खालच्या भागाला रंगाचा हात, आणि शेवटी ती पालखी. वर वारा लागतो, घामाला वास राहत नाही आणि कुणी येता-जाता हाक मारत नाही. ती म्हणायची, "वन्सं, माझं माहेर पाच मीटर उंचीवर आहे."

ती शिडीवरून उतरून आली. "माझ्या हातून सुटला नाही."

"मग काय भुताच्या हातून?"

"गच्चीवरच्या भुताला तुम्ही मेहुणा म्हणत असाल, तर हो."

आमच्यातली एक फिसकन हसली आणि पदरात तोंड लपवून बसली. गलका ऐकून साइटचे तरुण इंजिनिअर आले. वहिनीनं त्यांना नमस्कारबिमस्कार केला नाही. माझ्याकडे वळून म्हणाली, "वन्सं, ओरड आली तेव्हा कुठला शब्द तोंडात होता?"

"पाण्याला."

"आणि डबा आदळला तेव्हा?"

"उतार," आम्ही तिघी एकदम म्हणालो. ओवी कुठे तुटली हे विसरायचं म्हटलं तरी विसरता येत नाही.

वहिनी यंदा बाहेरून दहावीला बसली होती. विज्ञानात एकदा आपटी खाल्लेली. माझ्या भाचीचं पुस्तक डब्याच्या पिशवीतून आणायची आणि जेवणाच्या सुट्टीत एकच गणित पुन्हा पुन्हा सोडवायची: दगड गच्चीवरून सुटला, दोन सेकंदांत पडला, तर गच्ची किती उंच? तिनं सुतारबाबांच्या कानामागची पेन्सिल काढली आणि त्यांनीच रंधा मारलेल्या फळीवर लिहायला बसली.

"साहेब, घड्याळ लावा. वन्सं, गा."

आम्ही मिनिटभर गायलो. एकशे अठरा थापा.

"म्हणजे थापेला धरा अर्धा सेकंद," वहिनी म्हणाली. "पाण्याला, दाव गं, मोरीची, वाट, उतार. पाच थापा, अडीच सेकंद. पुस्तकातल्या दगडासारखंच, वेळेचा वर्ग करायचा, पाचानं गुणायचं..." पेन्सिल थांबली. "एकतीस मीटर."

इंजिनिअर हळूच म्हणाले, "बाई, गच्ची वीस मीटरवर आहे."

मुकादम पोट धरून हसला. "मग डबा ढगातून आला! दहावी नापास ती दहावी नापासच."

वहिनीचा चेहरा उतरला. मला वाटलं, संपलं. उद्या माझ्या शेजारी बसून घासणार ही. तेवढ्यात सुतारबाबांनी आपला पंजा तिच्यापुढे पसरला. त्यांना आमचं बोलणं ऐकू येत नव्हतं. बहुधा पेन्सिल परत हवी होती. ती त्या पंजाकडे बघत राहिली.

"बोटं पाच," ती सावकाश म्हणाली, "पण मधल्या फटी चार! पहिल्या थापेला डबा सुटला, तिला कुठला आलाय वेळ? वेळ असतो थापांच्या मध्ये. चार फटी, दोन सेकंद. दोनाचा वर्ग चार, चार पंचे वीस."

इंजिनिअर वर बघायला लागले.

"अहो, रिकामा डबा होता!" मुकादमाचा आवाज चढला. "हलका. पानासारखा तरंगत आला असेल हिच्या पालखीवरून."

"पानाचं पानापाशी, डब्याचं बोला," वहिनी म्हणाली. "आणि ओरडायला उशीर झाला असेल, तर डबा आणखी आधी सुटलाय. म्हणजे आणखी वरून. पण माझ्यावर विश्वास ठेवूच नका. बाबांना हलवा तिथून."

ती पालखीवर चढली. एका हातात रिकामा डबा, दुसऱ्या हातात निम्मा वाळूनं भरलेला. आम्ही गायला लागलो. "पाण्याला"वर तिनं "खाली!" म्हणून दोन्ही सोडले. दोन्ही एकदमच आपटले, तेव्हा आमच्या तोंडात "मोरीची" होतं.

"पाच बोटं नाही, तीनच झाली," ती वरून म्हणाली. "दोन फटी, एक सेकंद, पाच मीटर. आता साहेब, तुम्ही गच्चीवर जा."

इंजिनिअर स्वतः गेले. मुकादम तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत राहिला. आम्ही गात होतो, आणि खरं सांगते, इतकं सपाट आम्ही कधी चोपलं नव्हतं. "पाण्याला"वर ओरड आली. दाव गं. मोरीची. वाट.

उतार, आणि धडाम!

सुतारबाबांना तेवढं ऐकू आलं.

गच्चीच्या कठड्यावर मेहुण्याचं डोकं दिसलं. "दाजी," तो म्हणाला, "ओरडलो होतो ना मी. रिवाज पाळला होता."

मुकादमानं घसा खाकरला. "बरं, झालं ते झालं. पण बाई, तुझ्याच भल्यासाठी सांगतो, दोन दिवस खालीच काम कर. वातावरण तापलंय."

"तापलंय तर वर वारा आहे," वहिनी शिडी उतरत म्हणाली. "ज्याच्या हातून सुटला त्याला खाली घ्या. पॉलिश पेपर तिकडे कोपऱ्यात आहे, अकरा वर्षं मीच ठेवत आलेय."

तिनं पेन्सिल बाबांच्या कानामागे खोचली, पुन्हा पालखीवर चढून ब्रश उचलला आणि भिंतीचा राहिलेला पट्टा ओढायला लागली. थोड्या वेळानं वरून हाक आली:

"वन्सं, गप्प का? गा की. मला ऐकू येतं इथे."