मडक्यातली करणी

परंदवडीच्या पटांगणात दर गुरुवारी गर्दी मावत नव्हती. हौशीराम महाराज दमेकऱ्यांच्या छातीतली करणी उतरवत होते! रोग्यानं मडक्यातल्या कोमट गुळाच्या पाण्यात थुंकायचं, महाराजांनी वर अंगारा टाकायचा, आणि लांबलचक आरती संपेस्तोवर फेस मडक्याबाहेर उतू जायचा.

"बघा, कशी फसफसतीया!" महाराज ओरडले, की लोक पायांवर लोळण घ्यायचे.

याच माणसानं माझ्या आईचा, झुंबरबाईचा, घसा बघून सांगितलं होतं, "मावशी, पांढरी करणी हाय ही. त्यो पंप फेकून द्या." आईनं दम्याचा पंप फेकला. त्याच आठवड्यात ओठ निळे पडलेल्या आईला आम्ही दवाखान्यात नेलं.

डॉक्टर शैलाताई म्हणाल्या, "सारिका, घशातलं पांढरं म्हणजे बुरशी आहे, यीस्ट. थोडी बहुतेकांच्या तोंडात असतेच. पंपाचं औषध घशात चिकटून राहिलं की ती माजते. म्हणून पंप घेतल्यावर चूळ भरायची, गुळणी करायची."

आई ओशाळली. "पूजा झाल्याबिगर म्या तोंडात पानी घेत न्हाई, बाई. पंप तेवढा उठल्या उठल्या घ्यायची."

औषधानं आई सावरली. माझा राग काही उतरेना. मी शाळेत विज्ञान शिकवते; मडक्याजवळ जाऊन वास घेतला, तर चक्क बेकरीचा वास! बाबाला नुसतं हाकलायचं नव्हतं, त्याच्याच भक्तांसमोर तोंडावर पाडायचं होतं.

पुढच्या गुरुवारी मी घरून मडक्यात गुळाचं कोमट पाणी नेलं. "महाराज, यात कुणी थुंकणार नाही. नुसता अंगारा टाका."

"पोरी, कोप हुईल!"

"होऊ द्या की!" मी त्यांच्या ताटातला अंगारा मूठभर उचलून टाकला. आरती झाली. मडकं फसफसून उतू गेलं.

"ही करणी कुणाच्या छातीतली?" मी विचारलं.

गर्दीतल्या मारुतीआबांनी पुढं होऊन महाराजांची झोळी उलटी केली. अंगाऱ्यात मिसळायच्या पावाच्या यीस्टची पाकिटं खाली पडली. ते यीस्ट गूळ खातं, वायू सोडतं, फेस होतो. एवढीच ती करणी!

महाराज माझ्या पायाशी आले. "ताई, सोडा. चूक झाली."

"माझी आई श्वासासाठी तडफडत होती, तेव्हा तू कुठं होतास?" मी पोलिसांना फोन लावला. खरं सांगते, त्याला गयावया करताना बघून मला फार बरं वाटलं.

माझ्यासोबत आलेली आई गर्दीला म्हणाली, "म्या आता पूजेआधी चूळ भरते. देव काय रुसला न्हाई."

लोकहो, पंप डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नका. आणि चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी विचारा, "हे आम्ही करून बघू का?" समोरचा टाळू लागला, तर त्याला सोडू नका.